सर्वांत कमी दराची तार

१८७६ च्या ७ सप्टेंबरला ब्रुकलिनमध्ये, त्या शहराला न्यूयॉर्कशी जोडणाऱ्या ब्रुकलिन पुलाच्या विश्वस्तांची बैठक भरली, तेव्हा पूल असा नव्हताच. ईस्ट नदीच्या दोन काठांवर पावणेतीनशे फूट उंचीचे दोन दगडी मनोरे उभे होते आणि त्यांच्यामध्ये १,५९५ फुटांची मोकळी हवा होती. तीन आठवड्यांपूर्वी एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर पहिला कामचलाऊ दोर गेला होता. त्या दोराला टांगलेल्या लाकडी फळीवर बसून फॅरिंग्टन नावाचा मुख्य मिस्त्री नदी ओलांडून गेला आणि काठावरच्या हजारो लोकांनी टोप्या उडवल्या. आता खरं काम सुरू व्हायचं होतं. चार जाड केबल ओवायच्या होत्या आणि त्यासाठी ३,४०० टन पोलादी तार विकत घ्यायची होती. आधीच्या झुलत्या पुलांच्या केबल लोखंडी तारेच्या असत, इथे प्रथमच एवढ्या मोठ्या पुलाचं वजन पोलादी तारेवर सोपवलं जाणार होतं. सगळा पूल ज्यावर लटकणार ती ही खरेदी.

तारेचा तपशील ठरलेला होता. जस्ताचा मुलामा दिलेली तार, एकेक तार ३,४०० पौंडांचा ताण सोसणारी. निविदा मागवायच्या एवढंच उरलं होतं. तेवढ्यात एक विश्वस्त, एब्रॅम ह्युइट, उठले आणि त्यांनी एक ठराव मांडला. पुलाच्या कोणत्याही अधिकाऱ्याचा किंवा अभियंत्याचा ज्या कंपनीत हितसंबंध आहे, त्या कंपनीची निविदा स्वीकारली जाऊ नये.

ऐकायला निर्मळ वाटणारा ठराव. नाव कोणाचंच नाही. पण बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे वाक्य देशात एकाच कंपनीला लागू पडतं. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग. त्याच्या वडिलांनी, म्हणजे जॉन रोबलिंगने, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला तारेचा कारखाना उभा केला होता आणि तो आता मुलं चालवत होती. झुलत्या पुलाच्या तारेत त्या कारखान्याइतका अनुभव अमेरिकेत कोणाकडेच नव्हता. पुलाची मूळ कल्पनाही जॉन रोबलिंगचीच. १८६९ मध्ये मनोऱ्याची जागा आखताना फेरीबोटीच्या धक्क्यात त्याचा पाय चिरडला आणि धनुर्वाताने तो गेला. मुलाने काम हाती घेतलं. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत पाया खोदताना १८७२ मध्ये मुलाचंही शरीर मोडलं. त्यानंतर तो कामाच्या जागी येऊ शकत नव्हता. डोळे अधू, हातापायांत वेदना, माणसांची वर्दळ सोसत नव्हती. पत्रं, हिशेब, सूचना सगळं बायकोच्या, एमिली रोबलिंगच्या हातून जायचं. अशा माणसाच्या घरच्या कंपनीला दाराबाहेर ठेवणारा हा ठराव होता.

तरीही ठराव मंजूर झाला, आणि तो मंजूर का झाला हे कळायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं.

१८५० च्या सुमारास न्यूयॉर्क शहराची महापालिका म्हणजे उघडा बाजार होता. १८५२-५३ च्या नगरसेवकांना लोक ‘चाळीस चोर’ म्हणत. ट्रामगाड्यांचे परवाने, धक्के, बाजारपेठा, रस्ते यांतलं काहीही ज्याच्याकडून पैसे मिळतील त्याला जायचं. संतापलेल्या नागरिकांनी राज्याच्या विधिमंडळात धाव घेतली आणि १८५३ मध्ये शहराची सनद बदलून घेतली. तिच्यातली एक अट आज आपल्याला इतकी ओळखीची वाटते की ती कधी कोणाला नव्याने सुचली असेल याचंच नवल वाटावं. २५० डॉलरच्या वरचं कोणतंही काम किंवा पुरवठा कंत्राटानेच द्यायचा. त्यासाठी जाहिरात द्यायची, बंद लिफाफ्यात बोली मागवायच्या, त्या चारचौघांत उघडायच्या आणि पुरेसं तारण देणाऱ्या सर्वांत कमी दराच्या माणसाला काम द्यायचं. नगरसेवकाने पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा हात ठेवू नये, हे तत्त्व त्याच्याही आधीचं होतं.

त्या चाळीसांमध्ये एक तरणाबांड, धिप्पाड माणूस होता. विल्यम ट्वीड. नियम आला तसा तोही मोठा झाला. नियम पुस्तकात राहिला आणि बिलं मंजूर करणाऱ्या खुर्च्यांवर ट्वीडची माणसं बसली. चेंबर्स स्ट्रीटवर न्यायालयाची इमारत बांधायला १८६१ मध्ये सुरुवात झाली. अडीच लाख डॉलरची मंजुरी होती, खर्च गेला कोटीच्या वर. गिलावा करणाऱ्या एका कंत्राटदाराचं दोन दिवसांच्या कामाचं बिल १,३३,१८७ डॉलर. अकरा तापमापकांचे ७,५०० डॉलर. कंत्राटदाराने बिल फुगवायचं आणि फुगवटा परत करायचा, अशी साधी पद्धत होती. हा परतावा सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपास होता, शेवटी ६५ टक्क्यांपर्यंत चढला. लेखापरीक्षक वॉटसन १८७१ च्या जानेवारीत घसरगाडीच्या अपघातात मेला आणि त्याच्या वह्या नको त्या हातांत पडल्या. त्याच वर्षीच्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आकडे जसेच्या तसे छापले. थॉमस नास्टची व्यंगचित्रं आधीपासून चालूच होती. ट्वीडचं साम्राज्य काही महिन्यांत कोसळलं.

पुलाचा या सगळ्याशी जवळचा संबंध होता. सुरुवातीला पूल एका खासगी कंपनीचा होता. भांडवल ५० लाख डॉलर. ब्रुकलिन शहराचे ३० लाख, न्यूयॉर्कचे १५ लाख आणि खासगी भागधारकांचे फक्त ५ लाख. कारभार मात्र त्या पाच लाखांच्या हाती. न्यूयॉर्कच्या नगरसेवकांची मंजुरी मिळवण्यासाठी साठेक हजार डॉलर पिशवीतून पोहोचते झाले, अशी साक्ष खुद्द ट्वीडने नंतर तुरुंगातून दिली. बदल्यात त्याला कवडीमोलाने भाग मिळाले आणि तो कार्यकारी समितीवर बसला. ब्रुकलिनच्या बाजूचा खरा कर्ता-करविता विल्यम किंग्जली, धंद्याने कंत्राटदार. त्याला खर्चावर १५ टक्के मिळतील असा ठराव कंपनीने केला होता. म्हणजे पूल जितका महाग, तितका किंग्जली श्रीमंत. ट्वीड पडल्यावर ती व्यवस्था आवरती घेण्यात आली. १८७२ मध्ये हिशेब तपासायला नव्या दमाची, स्वच्छ नावाची माणसं आली. त्यांत होते एब्रॅम ह्युइट. पुढे १८७५ पर्यंत खासगी भागधारकांना पैसे देऊन बाजूला केलं गेलं आणि पूल दोन शहरांच्या मालकीचा झाला. दोन तृतीयांश खर्च ब्रुकलिनचा, एक तृतीयांश न्यूयॉर्कचा, वर नेमलेले विश्वस्त. अशी ही दोन शहरांनी मिळून चालवलेली सार्वजनिक संस्था.

तेव्हा १८७६ मध्ये ‘हितसंबंध’ हा शब्द कानावर पडला की लोकांना ट्वीड आठवायचा. त्या ठरावाविरुद्ध हात वर करणं म्हणजे आपणही त्याच गोतावळ्यातले, असं सांगण्यासारखं होतं. ह्युइटना हे नेमकं माहीत होतं. ते लोखंडाचे कारखानदार, पीटर कूपर यांचे जावई, काँग्रेसचे सदस्य आणि त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता सॅम्युएल टिल्डन, ज्याचं नाव ट्वीडला खाली खेचण्यातून मोठं झालं होतं. मतदानाला दोन महिने उरलेले असताना टिल्डनच्या प्रचारप्रमुखाने सार्वजनिक खरेदीत शुचितेचा ठराव आणावा, यात आश्चर्य कसलं?

इथे मला ह्युइटची बाजूही मांडायला हवी, कारण या कथेत त्यांना थेट खलनायक करायची सवय पडलेली आहे. आक्षेप तत्त्वतः बरोबर होता. तार कशी हवी हे मुख्य अभियंत्याने लिहायचं, ती पास की नापास हे त्याच्याच हाताखालच्या माणसांनी ठरवायचं आणि ती पुरवायची त्याच्या सख्ख्या भावांनी, हे आज कोणत्याही लेखापरीक्षकाला चालणार नाही. वॉशिंग्टन रोबलिंगच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती, पण नियम माणसाचा प्रामाणिकपणा मोजत बसत नाही, आणि मोजूही नये.

रोबलिंग खवळला. वडिलांचा जीव आणि त्याची स्वतःची प्रकृती या पुलापायी गेली होती. त्याने विश्वस्तांचे अध्यक्ष हेन्री मर्फी यांना कळवलं की कंपनीतले आपले सगळे भाग आपण विकून टाकले आहेत. आता हितसंबंध उरला नाही, भावांना बोली लावता आली. ह्युइटचा ठराव इथपर्यंत आपलं काम चोख करून गेला, असं म्हणता येईल. अभियंता आणि पुरवठादार यांच्यातली गाठ सुटली होती.

पण डिसेंबरात निविदा उघडल्या तेव्हा वेगळाच पेच उभा राहिला. पोलाद दोन प्रकारचं मिळत होतं. एक मुशीतलं. लहान लहान मुशींमध्ये वितळवलेलं, महाग, पण एकसारख्या गुणाचं म्हणून नावाजलेलं. दुसरं बेसेमरच्या भट्टीतलं. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून झटपट बनवलेलं, स्वस्त, आणि तेव्हा नवं असल्याने संशयित. रोबलिंगच्या मते तार कुठल्या भट्टीतून आली याला महत्त्व नव्हतं, ती ताण किती सोसते याला होतं. भावांची कंपनी बेसेमर पोलादाच्या तारेत सर्वांत स्वस्त निघाली. दर पौंडाला पावणेसात सेंट. ६८ लाख पौंडांचा हिशेब केला तर सुमारे ४ लाख ५९ हजार डॉलर.

मग वर्तमानपत्रांत पत्रं येऊ लागली. बेसेमर पोलाद भरवशाचं नाही, उद्या पूल कोसळला तर जबाबदार कोण, वगैरे. नवं तंत्र आणि डोक्यावर लटकणारा पूल यांचा मेळ घालून लोकांना घाबरवायला फार कौशल्य लागत नाही. विश्वस्त डगमगले. जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी ठरवलं की तार मुशीतल्या पोलादाचीच हवी. आणि मुशीतल्या पोलादाच्या तारेत सर्वांत कमी दर होता ब्रुकलिनच्याच जे. लॉइड हेग याचा, पौंडाला ८.७ सेंट. एकूण सुमारे ५ लाख ९१ हजार डॉलर.

आपल्याकडे ज्याने एकदा तरी पालिकेच्या स्थायी समितीचं कामकाज पाहिलं आहे त्याला हे वळण ओळखू येईल. नियम अक्षरशः पाळला गेला, सर्वांत कमी दरवाल्यालाच काम मिळालं. फक्त ‘कशाचा’ सर्वांत कमी दर, हे लिफाफे उघडल्यावर ठरलं. आणि ते ठरताना सव्वा लाख डॉलरहून जास्त खर्च वाढला. निविदेची सगळी ताकद बोली येण्याआधी ठरलेल्या तपशिलात असते. तपशील नंतर हलवला की उरतं ते नुसतं पाकीट फोडण्याचं कर्मकांड.

हेगच का, याचं एक उत्तर रोबलिंगने दिलेलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हेगच्या कारखान्यावर ह्युइट यांचं गहाण होतं, आणि पुलाच्या कंत्राटातून येणाऱ्या पैशाचा दहावा हिस्सा हेगने आपल्याला द्यायचा या बोलीवर ह्युइटनी ते गहाण वसूल न करता राहू दिलं होतं. म्हणजे हितसंबंध असलेल्याची निविदा घेऊ नये असा ठराव मांडणाऱ्याचाच हितसंबंध जिंकलेल्या निविदेत होता. ठरावाचे शब्द पाहिले तर मात्र ह्युइट त्यातही सापडत नाहीत. कारखान्यावर गहाण असणं आणि कारखान्यात भाग असणं या दोन वेगळ्या गोष्टी. कुंपणाने शेत खाल्लं, पण कुंपणाची व्याख्याच अशी केलेली की त्याला खाणं म्हणता येऊ नये.

१८७७ च्या उन्हाळ्यात केबल ओवायला सुरुवात झाली. काम विलक्षण देखणं होतं. दोन काठांमध्ये फिरत्या दोरावर बांधलेलं मोठं चाक तारेचा फास घेऊन नदीवरून जायचं, पलीकडे तो फास अडकवला जायचा, चाक रिकामं परतायचं. २७८ तारांचा एक पेड, एकोणीस पेडांची एक केबल. तारा एकमेकींना पिळलेल्या नसत, सगळ्या समांतर. त्यामुळे प्रत्येक तार आपला वाटा उचलते, आणि म्हणूनच प्रत्येक तार चांगली असणं भाग होतं. तार वेटोळ्यांनी यायची. एका वेटोळ्याचं टोक दुसऱ्याला जोडून पुढे जायचं. एकदा पेड बांधला गेला की आतली तार बाहेर काढायची सोय नाही.

तपासणीची व्यवस्था कागदावर उत्तम होती. कर्नल विल्यम पेन हा सहायक अभियंता तिचा प्रमुख. हेगच्या कारखान्यातच निरीक्षक बसायचे, वेटोळ्यांतून तुकडे घेऊन ताणून, वाकवून पाहायचे. पास झालेल्या मालाचं प्रमाणपत्र गाडीवानाच्या हाती दिलं जायचं आणि घोडागाडी ब्रुकलिनच्या रस्त्यांनी पुलाकडे निघायची. तिथे प्रमाणपत्र पाहून माल उतरवला जायचा.

कारखाना आणि पूल यांच्यामध्ये गाडीवर लक्ष ठेवणारं मात्र कोणी नव्हतं.

गाडी वाटेत एका दुसऱ्याच इमारतीकडे वळायची. तिथे पास झालेली तार उतरायची आणि नापास झालेली चढायची. प्रमाणपत्र तेच, गाडीवान तोच. चांगली तार मागच्या दाराने कारखान्यात परत, पुन्हा तपासणीला हजर, पुन्हा पास. एकच चांगलं वेटोळं कितीदा निरीक्षकांना भेटून गेलं असेल कोण जाणे. नकारलेला माल सगळाच्या सगळा नदीवर चढत होता आणि हेगला त्याचे चांगल्या मालाचे पैसे मिळत होते.

जुलै १८७८ मध्ये संशय पक्का झाला. पुलावर आलेल्या तारेत ठिसूळ तुकडे सापडू लागले होते. तपासलेल्या ८० वेटोळ्यांपैकी अवघी पाच कसोटीला उतरली. गाड्यांवर पाळत ठेवली गेली आणि अदलाबदलीचा सगळा खेळ उघडा पडला. तोवर दोनशे टनांहून जास्त निकृष्ट तार केबलांमध्ये ओवून झाली होती. रोबलिंगचा अंदाज होता की हेगने या लबाडीतून तीन लाख डॉलर कमावले असावेत. एकूण कंत्राटाच्या निम्मे. अभियंत्याला हेरगिरीचं शिक्षण दिलेलं नसतं, त्यामुळे पक्क्या बदमाशापुढे त्याचा टिकाव लागत नाही, अशा अर्थाचं त्याने तेव्हा लिहिलं. त्यात खेद आहे, तसा थोडा स्वतःच्या माणसांवर पांघरूण घालण्याचा प्रयत्नही आहे. गाडीबरोबर एक माणूस बसवायला हेरगिरीचं शिक्षण कशाला हवं?

आता करायचं काय? पेड उकलून सगळी तार काढायची तर वर्षं आणि लाखो डॉलर वाया. अंथरुणावरून रोबलिंगने हिशेब मांडला. केबलची ताकद त्याने मुळातच गरजेच्या सहापट धरली होती. त्या वेळी अनेकांना ती उधळपट्टी वाटत असे, आणि आज एखादा काटकसरी लेखापाल तिच्यावर पहिली कात्री चालवेल. वाईट तार आत राहिली तरी ही जादा ताकद घटणार होती, संपणार नव्हती. त्याने ठरवलं की प्रत्येक केबलमध्ये सुमारे दीडशे तारा जादा घालायच्या, हेगच्या खर्चाने. आज ब्रुकलिन पुलाच्या प्रत्येक केबलमध्ये ५,४३४ तारा आहेत असं पुस्तकांत छापलेलं असतं. एकोणीस पेड गुणिले २७८ केले तर ५,२८२ येतात. उरलेल्या तारा हेगच्या लबाडीचा हिशेब आहेत.

आणि हेगचं काय झालं? विश्वस्तांनी त्याला काढलं नाही. कंत्राट रद्द करायचं म्हणजे कारण सांगावं लागणार, कारण सांगायचं म्हणजे केबलमध्ये काय आहे ते लोकांना कळणार, आणि ते कळलं की या पुलावर पाय कोण ठेवणार? त्यापेक्षा माणूस तोच ठेवा, पहारा वाढवा. उरलेली तार कडक पहाऱ्याखाली आली आणि ऑक्टोबर १८७८ मध्ये शेवटची तार नदीपार गेली. या निर्णयातली सोय मला कळते, पण पटत नाही. ट्वीडच्या काळात चोरी लपवण्यासाठी हिशेब दडवले जात, इथे सुधारकांनी अब्रू राखण्यासाठी ते दडवले. तिजोरीच्या दृष्टीने यात फरक होता, नागरिकाच्या दृष्टीने फारसा नव्हता. हेग पुढे तुरुंगात गेला खरा, पण पुलासाठी नव्हे. पैशाच्या एका वेगळ्याच फसवणुकीत सापडून त्याची रवानगी सिंग सिंगला झाली.

पुढची वर्षं पोलादी सांगाड्याच्या विलंबात आणि भांडणांत गेली. १८८२ मध्ये तर रोबलिंगला पदावरून काढण्याचाच घाट घातला गेला. ब्रुकलिनचे तरुण महापौर सेथ लो त्यात पुढे होते. मतदानात दहा विरुद्ध सात अशा फरकाने तो टिकला. २४ मे १८८३ ला पूल खुला झाला. खर्च दीड कोटी डॉलरच्या घरात गेला होता आणि वीसहून अधिक कामगार त्यात दगावले होते. त्या दिवशी दोन्ही शहरांना पूल विधिवत अर्पण करण्याचा मान मिळाला तो विश्वस्तांच्या नव्या अध्यक्षांना, म्हणजे १५ टक्केवाल्या किंग्जलीला. मुख्य भाषण कोणाचं? एब्रॅम ह्युइट यांचं. पुलाचा पैसा सचोटीने खर्च झाला, अशी ग्वाही त्यांनी जमलेल्या हजारो लोकांना दिली. तीन वर्षांनी ते न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. रोबलिंग समारंभाला नव्हता. तो घरीच होता आणि राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर त्याला भेटायला तिथे गेले.

पुलाला पाच वर्षं झाली तेव्हा, १८८८ मध्ये, मुंबईत महानगरपालिकेचा कायदा झाला. त्याचं ७२ वं कलम निविदांचं. ठरावीक रकमेपुढच्या कामासाठी आयुक्ताने वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि निविदा मागवायच्या. पण त्यात सर्वांत कमी दराची सक्ती नाही. आलेली कोणतीही निविदा स्वीकारायला आयुक्त बांधील नाही, सगळी परिस्थिती पाहून जी सर्वांत फायदेशीर वाटेल ती त्याने घ्यायची. न्यूयॉर्कच्या १८५३ च्या सनदेपेक्षा हे कलम जास्त शहाणं आहे असं माझं मत आहे, जरी ‘सगळी परिस्थिती’ या दोन शब्दांत हेगसारखे किती जण सुखाने राहू शकतात हेही दिसतं. आता बहुतेक निविदा संगणकावर भरल्या जातात, लिफाफ्याला हात लागत नाही, आणि ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दरवाला, कोण हे वेळेचा ठसा उमटून जाहीर होतं. १८५३ च्या सुधारकांनी स्वप्नातही पाहिला नसेल इतका बोलीचा टप्पा स्वच्छ करता आला आहे. गाडी मात्र अजूनही कारखान्यातून कामाच्या जागेपर्यंत रस्त्यानेच जाते.

एवढ्या वर्षांत ब्रुकलिन पुलाचा रस्ता बदलला, ट्राम आल्या नि गेल्या, केबलपासून तिरपे जाणारे आधारदोर १९८० च्या दशकात नवे बसवले गेले. मुख्य चार केबल मूळच्याच आहेत. हेगची तार आत आहे आणि तिच्यावरून रोज हजारो गाड्या नि माणसं जातात.

आपल्या गल्लीतला रस्ता, नाला किंवा शाळेची भिंत यांचं कंत्राट किती टक्के कमी दराने गेलं हे आपण हल्ली चवीने वाचतो. त्यापुढची एक गोष्ट कायद्याने आपल्या हातात दिलेली आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या दुसऱ्या कलमात ‘माहितीचा अधिकार’ म्हणजे काय हे सांगताना कागदपत्रांच्या प्रतींबरोबरच कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे. पुढच्या वेळी अर्ज कराल तेव्हा निविदेच्या तक्त्याबरोबर तपासणीची नोंदवही मागा, आणि डांबराचा किंवा सिमेंटचा नमुनाही मागा.